परार्धावर एक : नववीच्या गणित प्रकल्पाच्या नोंदी

८ जुलै २०२४, सोमवार

शाळा उघडून आठवडा झाला. पेरण्या चालू आहेत, निम्मा वर्ग शेतावर. जे हजर होते त्यांच्याबरोबर व्यवहारी गणित घेत होतो. हिशेबाच्या सरावासाठी एक मुलगी बहिणीच्या लग्नातली आहेराची वही घेऊन आली. ५१, १०१, १०१, २५१, ५०१, एका पानावर मामाचे १००१. बेरीज करता करता तिनं विचारलं, "सर, वरचा एक काहून ठेवतात?" शून्यावर देणं संपू नये म्हणून, असं आमच्याकडे मानतात, तेच सांगितलं. मग फळ्यावर एकाखाली एक लिहिलं: ११, १०१, १००१, १०००१. यांतली कोणती तुटते आणि कोणती नाही?

१००१ लगेच तुटली: ७ × ११ × १३. ११ आणि १०१ तुटेनात. मागच्या आठवड्यात एकं दहं शतंची पूर्ण यादी पाठ करून घेतली होती, त्यामुळे मागच्या बाकावरून प्रश्न आला, "परार्धाचा आहेर केला तं?"

तिथंच प्रकल्प ठरला. परार्ध म्हणजे दहाचा सतरावा घात. भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत दिलेल्या अठरा स्थानांतलं हे शेवटचं. त्यावर एक ठेवला की होते

१,००,००,००,००,००,००,००,००१

दोन टोकांना एक, मध्ये सोळा शून्यं. ही संख्या मूळ संख्यांच्या गुणाकारात फोडायची. सहा मुलं तयार झाली, चार मुली आणि दोन मुलगे. अट एकच: लॅपटॉप सगळ्यात शेवटी, तोही फक्त पडताळ्याला. दोनशे पानी रजिस्टर घेतलं. त्यात खोडरबर चालणार नाही, चूक झाली तर आडवी रेघ मारायची आणि पुढं लिहायचं.

११ जुलै

लहान भावंडं आधी.

१०,००१ = ७३ × १३७
१,००,००१ = ११ × ९,०९१
१०,००,००१ = १०१ × ९,९०१
१,००,००,००१ = ११ × ९,०९,०९१
१०,००,००,००१ = १७ × ५८,८२,३५३

१०,००१ ला वेळ लागला. वर्गमूळ शंभरच्या जवळ, म्हणजे शंभरपर्यंतच्या मूळ संख्या पुरतात. पण आपल्याला हवी ती ७३, यादीत एकविसावी. साठच्या पुढं पोरं ही मूळच आहे म्हणायला लागली होती. न संपवता "मूळ" लिहायचं नाही हा नियम त्या दिवशी रजिस्टरच्या पहिल्या पानावर लाल शाईत गेला.

९,०९,०९१ पुढं प्रश्नचिन्ह ठेवलं आहे. ती मूळ आहे हे दाखवायला ९५३ पर्यंतच्या १६२ मूळ संख्यांनी भागावं लागेल. ५८,८२,३५३ ला त्याहूनही जास्त. हे सध्या राहू दे.

१९ जुलै

११ मधूनमधून का येतो, हे मुलांनी स्वतः पाहिलं: घात विषम असला की येतो. कारण सोपं. दहा म्हणजे अकराला एक कमी. म्हणून ११ नं भागताना दहाची बाकी "उणे एक" धरता येते. उणे एकाचा विषम घात पुन्हा उणे एक, त्यात एक मिळवला की शून्य. सतरा विषम. म्हणजे आपल्या संख्येला ११ नं भाग जाणारच.

हाच धागा ओढला तर आणखी हाती लागतं. घाताला कोणत्याही विषम संख्येनं भाग जात असेल तर आत एक लहान भावंड दडलेलं असतं. नवव्या आणि पंधराव्या घातात १००१ अख्खी बसलेली आहे, म्हणून तिथं ७, ११, १३ फुकट मिळतात. ज्या घातात २ शिवाय काही नाही, म्हणजे ४, ८, १६, तिथं असा दरवाजा नसतो. तरीही त्या मूळ असतीलच असं नाही. सोळाव्या घातावर एक ठेवला तर ३५३ × ४४९ × ६४१ × १४०९ × ६९,८५७ होतात. यातल्या ६४१ ला गणिताच्या इतिहासात मान आहे: फर्माला मूळ वाटलेली २ चा ३२ वा घात अधिक १ ही संख्या ऑयलरनं १७३२ साली याच ६४१ नं फोडून दाखवली. आपल्या मालिकेत आजवर माहीत असलेल्या मूळ संख्या दोनच आहेत, ११ आणि १०१. आहेराच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा १०१ च होता, हे त्या मुलीनं लगेच दाखवलं.

३० जुलै

११ नं भागाकार पूर्ण: ९,०९,०९,०९,०९,०९,०९,०९१. वर्गात हा आकडा गाण्यासारखा म्हटला गेला.

२ ऑगस्ट

नाल्याला पूर. पलीकडच्या पाड्यावरची तिघं आली नाहीत. काम नाही.

८ ऑगस्ट

आजचा दिवस सविस्तर लिहून ठेवतो.

पद्धत अशी ठरली होती: एकावर शून्यं देत भागाकार करत जायचं आणि सतरा शून्यं उतरवून झाली की बाकी पाहायची. बाकी भाजकाला एक कमी असेल तर वरचा एक मिळवल्यावर निःशेष भाग जाणार. ७ पासून सुरुवात केली होती. १३, १७, १९ करत शंभरपर्यंतच्या सगळ्या झाल्या, एकीलाही भाग नाही. आज १०१ नाही, मग १०३.

आहेराची वही आणणारी मुलगी खिडकीजवळ बसून १०३ चा भागाकार उतरवत होती. १०००, नऊ वेळा ९२७, उरले ७३. ७३० मध्ये सात वेळा, उरले ९. पुढं ९०, शून्य. ९००, आठ वेळा, ७६ उरले. असं सतराव्या पायरीला ७२० आलं, सहा वेळा ६१८, आणि ती थांबली. "सर, बाकी एकशे दोन रायली जी."

१०२. भाजकाला बरोबर एक कमी. मी काही बोलायच्या आत बाकीचे पाच जण तिच्या वहीवर वाकले. तिनं शांतपणे पुढचं शून्य उतरवलं आणि भागाकार चालूच ठेवला, आणि मला वाटतं त्या संख्येचं खरं रूप तिनं असं दाखवलं. पहिले सतरा अंक होते

००९७०८७३७८६४०७७६६

आणि पुढचे सतरा आले

९९०२९१२६२१३५९२२३३

"हे तं उलटं फिरून रायलं. नवातून वजा करून पाय," शेजारचा मुलगा म्हणाला. वरच्या ओळीतला प्रत्येक अंक नवातून वजा केला की खालची ओळ. दोन्ही ओळींची बेरीज सतरा नऊ. चौतिसाव्या पायरीला बाकी १ आली आणि सगळं पहिल्यापासून सुरू झालं.

मग जुलैच्या पानावर परतलो. १७ × ५८,८२,३५३ मधला १७ घेऊन एक भागिले सतरा करायला लावलं: ०५८८२३५२, मग ९४११७६४७. तिथं आठ अंकांवर वळण. घात आठ होता.

आता उरली ८,८२,६१,२५,३३,०९,७९७.

२३ ऑगस्ट

आज मी शिकवलं, मुलांनी ऐकलं. १०३ च्या भागाकारात बाक्या चौतीस पायऱ्यांनी फिरून येतात. हे १०३ पुरतं नाही. आपल्या संख्येला भाग जाणारी ११ सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या. सतराव्या पायरीला बाकी "उणे एक", म्हणून चौतिसाव्याला "एक". चक्र चौतीसहून लहान असतं तर ते चौतिसाचा भाजक असतं: १, २ किंवा १७. सतराव्याला बाकी उणे एक आहे, म्हणून १७ नाही. १ असेल तर ती संख्या ९ ला भागते, २ असेल तर ९९ ला. तिथं ३ आणि ११ शिवाय कोणी नाही, आणि ३ नं आपली संख्या भागली जात नाही. म्हणून चक्र चौतिसाचंच. फर्मानं १६४० साली लिहून ठेवलेल्या नियमाप्रमाणे मूळ संख्येतून एक वजा करून जे येतं, तेवढ्या पायऱ्यांनंतर बाकी नेहमी १ येते. म्हणजे ती मूळ संख्या वजा १, याला ३४ नं भाग जायलाच हवा.

म्हणून शोधायच्या संख्या फक्त अशा: ३४क + १. क ला १, २, ३ देत जायचं. १०३ म्हणजे क = ३.

एकीनं ताबडतोब विचारलं की मग ७ पासून ९७ पर्यंत आपण एवढे दिवस उगाच भागत होतो का. मी तिला ते पान पुन्हा वाचायला लावलं. त्यातल्या एकाही संख्येचं रूप ३४क + १ नाही, आणि एकीलाही भाग गेला नव्हता. नियम सांगण्याआधीच त्यांच्या हातांनी तो तपासून झाला होता.

जुलैचं प्रश्नचिन्हही आज पुसलं गेलं. ९,०९,०९१ साठी घात सात, चक्र चौदाचं, म्हणून भाजक १४क + १ या रूपातलेच: २९, ४३, ७१ पासून ९५३ पर्यंत. १६२ ऐवजी २७. एका तासिकेत संपलं. कोणालाच भाग गेला नाही. ९,०९,०९१ मूळ. त्या पोरांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

२ सप्टेंबर

पोळा. सुट्टी. उद्या तान्हा पोळा, लहान वर्गाची पोरं लाकडी बैल घेऊन शाळेच्या आवारातूनच निघतात.

१२ सप्टेंबर

सतरा शून्यं उतरवत बसण्यापेक्षा जवळचा रस्ता दाखवला: चार वर्ग आणि एक शून्य. १० चा वर्ग, त्याचा वर्ग, त्याचा, त्याचा, म्हणजे सोळावा घात. शेवटी दहानं गुणलं की सतरावा. प्रत्येक वेळी बाकीच तेवढी ठेवायची, म्हणजे आकडा कधीच फुगत नाही.

नमुना, ६१३ साठी: १००; मग १९२; मग ८४; मग ३१३; दहापट ३१३०, बाकी ६५. ६१२ यायला हवी होती. नाही.

क मधले जे ३, ५, ७ च्या पटी देतात ते आधीच गाळले. क ला ३ नं भागून २ उरले की ती संख्या ३ ची पट. ५ नं किंवा ७ नं भागून १ उरला की ५ ची किंवा ७ ची. उरलेल्या एकेका संख्येला वहीची चार-पाच ओळींची जागा. दररोज मधल्या सुट्टीनंतर वीस मिनिटं.

२५ सप्टेंबर

क = ११८. संख्या ४०१३.

दहाचा चौथा घात: १०,००० मधून ८,०२६ गेले, १,९७४.
त्याचा वर्ग ३८,९६,६७६. ४०१३ × ९७१ = ३८,९६,६२३. बाकी फक्त ५३.
५३ चा वर्ग २,८०९.
दहापट २८,०९०.
४०१३ सत्ते २८,०९१. एक कमी.

हे काढणारा मुलगा वर्गात फारसा बोलत नाही. त्यानं वही माझ्यासमोर ठेवली आणि २८,०९० खाली दोन रेघा मारल्या. मी पडताळा घेतला, मग दुसऱ्या मुलीनं स्वतंत्रपणे घेतला. बरोबर.

८,८२,६१,२५,३३,०९,७९७ ला ४०१३ नं भागलं. हातानं, दोघांनी वेगवेगळं. दोघांचंही उत्तर एकच: २१,९९,३८,३३,३६९.

मी हे मुद्दाम लिहून ठेवतो. या पायरीला वर्गमूळ ९३ लाखांच्या पुढं होतं. क पावणेतीन लाखांपर्यंत जाऊ शकला असता. ११८ वर भेटला हे संख्येचं देणं. पण ११८ पर्यंत न चुकता येणं हे पोरांचं.

१४ ऑक्टोबर

सोयाबीन सोंगणी. सहापैकी दोघी येतात. त्यांना नवीन काम देत नाही, सगळे मिळून पुढं जायचं आहे. रजिस्टर कपाटात.

११ नोव्हेंबर

दिवाळी झाली. कापूस वेचणी चालू आहे, तरी सहाही जण आले.

प्रश्न आता एवढाच: दोन खर्व, एक अब्ज, नव्याण्णव कोटी, अडतीस लाख, तेहतीस हजार, तीनशे एकोणसत्तर ही संख्या मूळ आहे का? वर्गमूळ १,४८,३०३ आणि थोडं वर. म्हणजे क = ४३६१ पर्यंत जायचं. ११८ पर्यंतचे झालेलेच आहेत. १०३ आणि ४०१३ स्वतः पुन्हा आत बसले आहेत का तेही पाहिलं, कारण दहाच्या अकराव्या घातावर एक ठेवला तर ११ दोनदा येतो. इथं कोणी दोनदा नाही.

३, ५, ७ च्या पटी गाळूनही दोन हजारांच्या आसपास भागाकार उरत होते. ते निम्मे करणारी एक गोष्ट मी दिवाळीच्या सुट्टीत तयार करून आणली होती. आपली संख्या दहानं गुणली तर दहाचा अठरावा घात अधिक दहा होतो. अठरावा घात म्हणजे नवव्याचा वर्ग. म्हणजे आपल्या संख्येला भागणारी मूळ संख्या "कुठलातरी वर्ग अधिक दहा" यालाही भागते. हे सगळ्या मूळ संख्यांना जमत नाही. मुलांनी लहान संख्यांवर करून पाहिलं: ७ ला जमतं, २ चा वर्ग अधिक १० म्हणजे १४. १३ ला २६, १९ ला १९, २३ ला ४६, ३७ ला ७४. १७, २९, ३१ ला काही केल्या जमत नाही; सगळे वर्ग तपासले. कोणाला जमतं हे त्या संख्येला ४० नं भागल्यावरच्या बाकीवरून ठरतं: १, ७, ९, ११, १३, १९, २३, ३७. यामागचा सिद्धांत गाउसनं १८०१ मध्ये छापला. त्याची सिद्धता नववीच्या पलीकडची आहे, हे मी मुलांना स्पष्ट सांगितलं. इथं आपण त्याच्या शब्दावर चालतो आहोत, असं रजिस्टरमध्येही लिहायला लावलं.

आपल्या ३४क + १ ला हे लावलं की क ला २० नं भागून बाकी ०, ३, ५, १२, १४, १७, १८, १९ यांपैकीच हवी. ३ आणि ११८ दोन्ही यात बसतात. काम उरलं हजाराला थोडं कमी.

१९ नोव्हेंबर

उद्या मतदान. वर्गखोली केंद्रासाठी द्यायची म्हणून फळ्यावरची यादी आधी रजिस्टरमध्ये उतरवून घेतली.

२८ नोव्हेंबर

आता कॅल्क्युलेटर. एकीच्या वडिलांचं कृषी केंद्र आहे, दुसऱ्याच्या काकांचा कापूस खरेदीचा काटा. दोन्हीकडून बारा अंकी, सोलरवाली यंत्रं दुपारपुरती मिळाली. एक शाळेचं होतं. तीन यंत्रं, दोघादोघांची जोडी: एक दाबणार, एक लिहिणार.

बारा अंक पुरतील का, याचा आधी विचार केला. बाकी अगदी १ उरली तरी ती पडद्यावर दिसली पाहिजे, नाहीतर खोटाच पूर्ण भाग गेल्यासारखं वाटेल. भाजक लहान असताना भागाकार लांब आणि दशांश थोडे, पण तेव्हा एकाचा अपूर्णांकही मोठा असतो. भाजक दीड लाखाजवळ असताना भागाकार सहा अंकी, दशांशाला सहा जागा, आणि १ भागिले १,४८,००० म्हणजे ०.०००००६ च्या पुढं. दिसतो. मधल्या सगळ्या टप्प्यांवर तपासलं, कुठेच लपत नाही. गावातल्या दुकानातलं यंत्र या कामाला नेमकं पुरतं.

पहिला भाजक ४१८३. पडद्यावर उमटलं ५२५७९०९.००५२५. दशांशानंतरची दोन शून्यं पाहून दोघी किंचाळल्याच. बाकी २२ होती. भाग गेला नव्हता.

१० डिसेंबर

मोठी चूक सापडली, आणि मुलांनीच शोधली.

भाज्य दर वेळी टाकावं लागू नये म्हणून ते यंत्राच्या मेमरीत ठेवतात. एका जोडीच्या यंत्रात आठानंतर तीनऐवजी दोनच ३ गेले होते. लिहिणाऱ्या मुलीला ६०,५२१ च्या ओळीत शंका आली: भागाकार ३६,३४०.८३. "सर, भाजक वर्गमूळाच्या आत आहे तं भागाकार त्याच्याहून मोठा पाहिजे. हा लहान काहून?" अगदी हेच. खरं उत्तर तीन लाख त्रेसष्ट हजारांच्या वर यायला हवं होतं. त्या दिवसाच्या एक्केचाळीस ओळींवर रेघ मारली. चूक करणारा मुलगा रडवेला झाला. त्याला सांगितलं की रेघेखालचं सगळं तसंच वाचता येतं, म्हणूनच खोडरबर नको म्हटलं होतं. सगळ्यांनी मिळून त्या ओळी दुसऱ्या दिवशी पुन्हा केल्या.

त्यातून नियम निघाला, तोही मुलांचाच: रोज बसताना मेमरीत संख्या टाकली की आधी ४१८३ नं भागायचं. ५२५७९०९.००५२५ आलं तरच पुढं.

२१ डिसेंबर, शनिवार

उद्या रामानुजन जयंती, राष्ट्रीय गणित दिन. रविवार असल्यामुळे आजच प्रदर्शन घेतलं. तक्त्यावर अवयव लिहायचे होते:

११ × १०३ × ४०१३ × २१,९९,३८,३३,३६९

अजून दोनशेच्या वर भागाकार बाकी आहेत. शेवटच्या संख्येखाली काय लिहायचं यावर मुलांची चर्चा झाली. "मूळ" लिहा, पाहुण्यांना काय कळणार, असं एका मोठ्या माणसानं सुचवलं. मुलांनी मानलं नाही. "तपासणी चालू, क = ३४०० पर्यंत पूर्ण" असं लिहिलं आणि लाल शाईतल्या नियमाचं पान शेजारी उघडं ठेवलं.

एका मुलीचा भाऊ अभियांत्रिकीला आहे. तो म्हणाला, हे मी आत्ता मोबाइलवर एका क्षणात करून देतो. तिनं त्याला थांबवलं. "आमचं होऊ दे, मग दाखव."

एका वडिलांनी उपयोग विचारला. त्यांना फोनवरून पैसे पाठवतानाच्या कुलपाचं सांगितलं. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करायला क्षण लागतो. गुणाकारावरून त्या दोन परत काढायला आयुष्यं पुरत नाहीत. १९७७ पासून आरएसए नावाची पद्धत याच अवघडपणावर उभी आहे. २०२० मध्ये २५० अंकी अशी एक संख्या कितीतरी संगणक एकत्र लावून फोडली गेली. आज वापरतात त्या चाव्या सहाशेच्या वर अंकांच्या असतात. आपली अठरा अंकी. त्यांनी तक्ता पुन्हा वाचला, बोटानं.

आणि हे काम एकट्या आपल्या गावात चालत नाही, हेही मुलांना दाखवलं. कनिंगहॅम आणि वूडॉल यांनी अशाच घात-अधिक-एक, घात-वजा-एक संख्यांच्या अवयवांचं कोष्टक १९२५ साली छापलं. त्यात दहाचे घात आहेत. ते कोष्टक वाढवण्याचं काम अजून जगभर सुरू आहे.

१७ जानेवारी २०२५

संक्रांत झाली. आज क = ४३६० उरला होता. ४३६१ मध्ये ५ ची पट होते, म्हणून हा शेवटचा. सहाही जण एकाच बाकाभोवती. आधी ४१८३ ची ओळ: बरोबर. मग १,४८,२४१.

१४८३६५.३८७२३४

भाग जात नाही. आहेराच्या वहीवाल्या मुलीनं रजिस्टरमध्ये तारीख टाकली आणि २१,९९,३८,३३,३६९ समोर "मूळ" लिहिलं. लिहिताना तिचा हात इतका सावकाश चालला होता की शाई म वर जरा पसरली आहे.

१८ जानेवारी

लॅपटॉप उघडला. संख्या दिली. चारही अवयव डोळ्याची पापणी लवायच्या आत: ११, १०३, ४०१३, २१९९३८३३३६९. मुलांनी अंक न् अंक मोठ्यानं वाचून रजिस्टरशी ताडून पाहिला. आठानंतर तीन ३ आहेत ना, हे तिघांनी एकदम विचारलं.

तोवर न बोलणारा मुलगा फळ्याकडे गेला होता. परार्धाला दहानं गुणून त्यावर एक. "अठरा म्हणजे सहा त्रिक. दहा लाख एक आत आहे," असं म्हणून त्यानं जुलैच्या पानावरून १०१ आणि ९,९०१ उतरवून काढले आणि खाली उरलेली ९,९९,९९,९०,००,००१ लिहिली.

रजिस्टरची अकरा पानं कोरी आहेत.